अमळनेरचा शेअर की निफ्टीचा फंड? नवख्यांसाठी पायरीपायरीने

खान्देशात शेअर बाजाराचा विषय निघाला की तो फिरून अमळनेरला येतोच. २९ डिसेंबर १९४५ ला तिथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तिचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या ज्या घरांनी जुने शेअर विकले नाहीत, त्यांना बोनसवर बोनस, म्हणजे फुकटचे जादा शेअर, मिळत गेले. १९९९ मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे दोन-दोनचे पाच झाले. २००४ मध्ये एकाला दोन बोनस, मग २००५, २०१७ आणि २०२४ मध्ये एकाला एक. गोष्ट खरी आहे. ती ऐकून नवखा माणूस विचारतो, “मग पुढची विप्रो कोणती?”

त्याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. जळगावच्या जैन इरिगेशनचा शेअर २०१८ च्या सुरुवातीला शंभराच्या वर होता. २०१९ मध्ये कर्जफेड थकली आणि मार्च २०२० मध्ये भाव एक आकडी झाला. कंपनी बंद पडली नाही, कर्जाची पुनर्रचना झाली, ठिबकच्या नळ्या आजही शेतोशेत दिसतात. नळी चांगली होती हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला माहीत होतं. ताळेबंदातलं कर्ज किती आणि ते फेडायला रोख आहे का, हे फार थोड्यांनी पाहिलं होतं. माल ओळखणं वेगळं आणि शेअर ओळखणं वेगळं. त्याआधीच्या पिढीने अमळनेरची प्रताप मिल आणि जळगावची खान्देश मिल अशीच भक्कम मानली होती.

विप्रोतही बसून राहणं सोपं नव्हतं. फेब्रुवारी २००० च्या शिखरावरून तो शेअर दीड-दोन वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त खाली आला होता. लाखाचे वीस हजार दिसत असताना न विकणारे किती असतील, ते तुम्हीच ठरवा.

इंडेक्स फंड नेमकं काय करतो

निफ्टी ५० म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारातल्या ५० मोठ्या कंपन्यांची यादी, सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या ३० कंपन्यांची. अशा यादीलाच इंडेक्स किंवा निर्देशांक म्हणतात. बाजारात ज्या कंपनीचे खुले (मालकांकडचे सोडून उरलेले) शेअर जितक्या किमतीचे, तितकं तिचं यादीत वजन. इंडेक्स फंड हा म्युच्युअल फंड लोकांचे पैसे एकत्र करून ही यादी त्याच प्रमाणात विकत घेतो, स्वतःची अक्कल लावत नाही. निफ्टीची यादी सहा महिन्यांनी तपासली जाते आणि बदल मार्च व सप्टेंबरच्या अखेरीस लागू होतात. मोठी भानगड झाली तर त्याआधीही कंपनी काढतात. जानेवारी २००९ मध्ये सत्यमला आणि मार्च २०२० मध्ये येस बँकेला असंच काढलं होतं.

म्हणजे फंडाला नुकसान होत नाही असं नाही. पडणारी कंपनी यादीबाहेर जाईपर्यंत फंडाकडे असतेच. फरक वजनाचा आहे. निफ्टीत २ टक्के वजन असलेली कंपनी शून्यावर गेली तर तुमच्या लाखातले दोन हजार जातात. तीच कंपनी तुमच्या पाच शेअरांपैकी एक असेल तर वीस हजार जातात. ५० टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला १०० टक्के चढावा लागतो, ८० टक्के पडलेला ४०० टक्के.

पूर्ण निफ्टीही जोरात पडतो, हे आधीच मनात धरा. २००८ मध्ये तो जानेवारीच्या सुमारे ६,३५० वरून ऑक्टोबरमध्ये २,२५० च्या आसपास आला होता. २०२० मध्ये जानेवारी ते मार्च एवढ्यात ३८ टक्के गेले. निफ्टीत बँका आणि वित्त कंपन्यांचं वजन एक तृतीयांशाहून जास्त आहे, त्यामुळे ‘५० कंपन्या’ वाटतात तितक्या वेगवेगळ्या नाहीत.

आधी घरचा हिशेब

सावकाराचं किंवा हातउसनं कर्ज महिना २-३ टक्क्यांनी असेल तर ते वर्षाला २४ ते ३६ टक्के पडतं. ते फेडण्याइतका खात्रीचा परतावा कुठलाच फंड देत नाही, म्हणून आधी ते फेडा. पीककर्जाचे पैसेही बाजारात घालू नका. मार्चअखेर परतफेड चुकली की व्याजाची सवलत जाते, आणि नेमका तेव्हाच बाजार खाली असेल तर दोन्हीकडून फटका. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत किंवा पोस्टात बाजूला ठेवा. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा, म्हणजे पोरीचं लग्न, कॉलेजची फी, विहिरीचं काम, शेअरमध्ये नको. सात वर्षं हात न लावता येतील तेवढेच पैसे घ्या.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: वेळ आहे का? दहा कंपन्यांचे शेअर घेतले तर वर्षाला ४० तिमाही निकाल आणि दहा वार्षिक अहवाल वाचायचे असतात. एकेक अहवाल दोनशे-तीनशे पानांचा. हे काम रावेर-यावलला केळी कापणीच्या हंगामात किंवा भुसावळला रेल्वेची पाळी करून होत नसेल, तर ते न करणं यात कमीपणा नाही. हेच पूर्णवेळ काम करणारे फंड व्यवस्थापकसुद्धा लांब मुदतीत बरेचदा निर्देशांकाच्या मागे राहतात.

आमचं मत स्पष्ट आहे. पहिली तीन वर्षं सगळा पैसा इंडेक्स फंडात. त्यानंतर हौस असेल तर एकूण रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत शेअर. उलटं कुणी सुचवत असेल तर तो ब्रोकरेजवर जगतो का, तेवढं बघा.

केवायसी: पहिली अडचण नावाची

केवायसी म्हणजे तुमची ओळख पटवणं. त्याला पॅन, आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक खातं एवढं लागतं. आपल्याकडे जास्तीत जास्त अर्ज नावावर अडकतात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं किंवा स्पेलिंग वेगळं. मग केवायसी ‘ऑन होल्ड’ दाखवते आणि पैसे भरता येत नाहीत. आधी पॅन-आधार जोडणी तपासा, दोन्हीकडची नावं एकसारखी करून घ्या, मगच अर्ज करा. खातं कुठलं द्यायचं तेही बघा. जिल्हा बँकेचं किंवा छोट्या सहकारी बँकेचं खातं आपोआप वजावटीच्या यादीत नसू शकतं. राष्ट्रीयीकृत बँकेचं खातं दिलं की हा घोळ टळतो.

फंड निवडताना

१. पहिला फंड निफ्टी ५० किंवा सेन्सेक्सचा घ्या. दोन्ही घेऊ नका, सेन्सेक्सच्या कंपन्या जवळपास सगळ्या निफ्टीत असतात. पुढे वाढवायचा असेल तर निफ्टी नेक्स्ट ५० किंवा निफ्टी ५००. संरक्षण, पर्यटन, आयटी असे एकाच क्षेत्राचे इंडेक्स नवख्यासाठी नाहीत. नाव इंडेक्सचं, पण पैज एकाच घोड्यावर.

२. ‘डायरेक्ट’ आणि ‘ग्रोथ’ हे दोन शब्द नावात असायलाच हवेत. ‘ग्रोथ’ म्हणजे नफा हातात न देता फंडातच ठेवणारी योजना. डायरेक्ट योजना १ जानेवारी २०१३ पासून आहेत, त्यांत एजंटाचं कमिशन नसतं. रेग्युलर योजनेत ते दरवर्षी तुमच्या रकमेतून जातं, वेगळं बिल येत नाही म्हणून कळत नाही. महिना ५,००० रुपये, २० वर्षं, वर्षाला १२ टक्के वाढ धरली (ही फक्त हिशेबासाठी धरलेली आहे, हमी नव्हे) तर सुमारे ४९.९६ लाख होतात. खर्चापोटी वाढ ११.४ टक्क्यांवर आली तर ४६ लाखांच्या आसपास. म्हणजे ०.६ टक्क्याची किंमत जवळजवळ चार लाख. तुम्ही स्वतः भरलेले बारा लाख.

३. खर्चाचं प्रमाण बघा. इंडेक्स फंडाला कायद्याने वरची मर्यादा आहे, पण निफ्टीच्या बऱ्याच डायरेक्ट योजना ०.१ ते ०.३ टक्क्यांत मिळतात. त्यासोबत ‘ट्रॅकिंग डिफरन्स’ बघा, म्हणजे लाभांश धरून निर्देशांक जितका वाढला त्यापेक्षा फंड किती मागे राहिला. खर्च कमी पण फंड निर्देशांकापासून दूर, असं असेल तर दुसरा घ्या.

४. एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, १० रुपये की २०० रुपये, याने काही फरक पडत नाही. ‘नवा फंड आहे, दहा रुपयांत स्वस्त मिळतोय’ हे वाक्य ऐकलं की समजा, समोरच्याला लक्ष्य पूर्ण करायचं आहे. निफ्टी १० टक्के वाढला तर दोन्ही फंड १० टक्केच वाढतात.

ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात मिळणारा फंड, हाही इंडेक्सच घेतो, पण त्याला डिमॅट खातं (शेअर कागदाशिवाय ठेवायचं खातं) लागतं आणि तो बाजारात चालू भावाने मिळतो. उलाढाल कमी असेल तर खऱ्या किमतीपेक्षा महाग मिळतो. नवख्याने फंडच घ्यावा.

पैसे भरणं: पगारदार वेगळा, शेतकरी वेगळा

पगार १ तारखेला येत असेल तर एसआयपी, म्हणजे फंडात आपोआप जाणारा ठरावीक हप्ता, ५ ते १० च्या दरम्यानची ठेवा. खात्यात पैसे नसले तर हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते. मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते चुकले की ती आपोआप बंद पडते, पुन्हा चालू करायची तर नवा अर्ज.

शेतकऱ्याचं उत्पन्न असं बारीक हप्त्याने येत नाही. कापूस दिवाळीनंतर, केळी कापणीच्या वेळी, भाव मिळाला तर. महिना १०,००० ची एसआयपी लावून ऑगस्टमध्ये ती तुटते, कारण पैसा खतात आणि मजुरीत गेलेला असतो. त्यापेक्षा असं करा. केळीचे समजा २,४०,००० रुपये बाजूला काढले. ज्या फंड कंपनीचा निफ्टी फंड घेणार, तिच्याच लिक्विड फंडात (थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांच्या फंडात) ते एकदम ठेवा आणि तिथून निफ्टी फंडात दरमहा २०,००० जातील अशी एसटीपी लावा, बारा महिने. एसटीपी त्याच फंड कंपनीच्या दोन योजनांत होते, एका कंपनीतून दुसरीत होत नाही. मध्येच मोटर जळाली किंवा करप्याने बाग गेली तर लिक्विड फंडातले उरलेले पैसे साधारण एका कामकाजाच्या दिवसात खात्यावर येतात. लिक्विड फंडातला नफा तुमच्या इतर उत्पन्नात धरला जातो, हे मात्र लक्षात असू द्या.

निफ्टी फंडासाठी दुपारी ३ च्या आत पैसे फंडाच्या खात्यात पोहोचले तर त्या दिवसाची एनएव्ही मिळते, नंतर पोहोचले तर पुढच्या दिवसाची. वीस वर्षांच्या हिशेबात याने फरक पडत नाही, तरी बरेच जण याच्यामागे सकाळ घालवतात.

शेअर घ्यायचेच असतील तर

१० टक्क्यांतच घ्यायचे आणि आधी डायरी उघडायची. तारीख, भाव, संख्या, घेण्याचं कारण एका ओळीत, आणि त्या दिवशीचा निफ्टी. हा शेवटचा आकडा कुणी लिहीत नाही, आणि तोच सगळ्यात उपयोगी असतो. समजा २४० रुपयांना २० शेअर घेतले, म्हणजे ४,८०० रुपये, आणि त्या दिवशी निफ्टी २४,००० होता. वर्षाने शेअर २६४ झाला. ४८० रुपये नफा, चहा पाजायला हरकत नाही. पण निफ्टी २७,६०० झाला असेल तर तेच ४,८०० फंडात ५,५२० झाले असते. वर्षभर निकाल वाचून २४० रुपये कमी पडले. वेगवेगळ्या तारखांची खरेदी-विक्री असेल तर एक्सेलमधल्या ‘एक्सआयआरआर’ सूत्राने शेअर आणि निफ्टी दोन्हीचा वार्षिक परताव्याचा दर काढा. तीन वर्षांत तुमचा दर निफ्टीच्या वर नसेल तर उत्तर मिळालं.

कंपनी बघताना निदान एवढं तपासा:

पाच वर्षांचा निव्वळ नफा आणि धंद्यातून आलेली रोख शेजारीशेजारी लिहा. नफा दिसतो पण रोख येत नाही, असं दोन-तीन वर्षं चालू असेल तर माल उधारीवर जातोय किंवा आकडे फुगवलेत. धान्याचा आडत्या हे लगेच ओळखतो, शेअर घेताना मात्र विसरतो.

कर्ज भागभांडवलाच्या किती पट आहे आणि व्याज नफ्यातून किती वेळा भरता येतं ते बघा. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मालक मंडळींनी, आपले शेअर गहाण ठेवले आहेत का, हे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर शेअरहोल्डिंगमध्ये दिसतं. लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला असेल तर तिथून उठा.

तुम्ही ज्या कंपनीत नोकरी करता, तिचेच शेअर भरून ठेवू नका. कंपनी घसरली तर पगार आणि बचत एकाच दिवशी अडचणीत येतात. जळगाव-धुळ्यात हे फार होतं, ‘आपली कंपनी’ म्हणून. केळीवाल्याचंही तसंच. त्याची सगळी जमीन आधीच एका पिकावर आणि एका वादळावर अवलंबून आहे. त्यात पुन्हा खत-ठिबक-बियाण्यांचेच शेअर घेतले तर वाईट वर्षात दोन्हीकडे वाईट.

पाच-दहा रुपयांचा शेअर स्वस्त नसतो. असे शेअर चढवून, टिप पसरवून, वरच्या भावात नवख्यांच्या गळ्यात मारतात. मग रोज सकाळी लोअर सर्किट लागतं, म्हणजे त्या दिवसाच्या खालच्या मर्यादेला भाव थांबतो आणि घेणाराच कुणी नसतो. तुम्ही विक्रीची ऑर्डर लावून बसता, ती भरतच नाही. भाव पडतोय म्हणून आणखी घेऊन ‘अ‍ॅव्हरेज’ करणं, हा यावरचा सगळ्यात महागडा उपाय.

खर्चही मोजा. ब्रोकरेज शून्य म्हटलं तरी डिलिव्हरीत (शेअर खात्यात घेऊन ठेवण्याच्या व्यवहारात) घेताना आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी हा व्यवहार कर, घेताना ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क, आणि विकताना प्रत्येक कंपनीमागे डीपी शुल्क (डिमॅट खातं सांभाळणाऱ्याचं), साधारण १५-२० रुपये. हजार रुपयांचा शेअर विकला तर एवढ्यानेच दीड-दोन टक्के जातात. फंड घेताना मुद्रांक शुल्क ०.००५ टक्के, म्हणजे दहा हजारांवर पन्नास पैसे.

फ्युचर-ऑप्शनला, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या मुदतीच्या सौद्यांना, हात लावू नका. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त.

कर

शेअर आणि इंडेक्स फंड, दोन्हींना नियम एकच. बारा महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के. त्यानंतर वर्षाला १.२५ लाखांपर्यंतचा नफा मोकळा, वरच्यावर १२.५ टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. उदाहरण: दीर्घ मुदतीचा नफा २ लाख, त्यातून १.२५ लाख वजा, राहिलेल्या ७५,००० वर ९,३७५ रुपये, त्यावर ४ टक्के उपकर धरून ९,७५०. एसआयपीत प्रत्येक हप्त्याचे बारा महिने वेगळे मोजतात आणि आधी घेतलेली युनिटं आधी विकली गेली असं धरतात. शेअरवाल्याला इथे आणखी एक तोटा आहे. एक शेअर विकून दुसरा घेतला की प्रत्येक वेळी कर. फंड आतल्या आत कंपन्या बदलतो, तेव्हा तुमच्यावर कर येत नाही.

पैसे कुणाच्या खात्यावर जातात

महिना ५ टक्के हमी देणारा गट मोबाइलवर आलाच तर बाहेर पडा. शेअर बाजारात हमीचा परतावा सांगायला कायद्याने बंदी आहे. सल्लागाराचा सेबी नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने, संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतंय का ते बघा. फंडाचे पैसे फंडाच्याच नावाच्या खात्यावर जातात. कुणाच्या व्यक्तिगत यूपीआयवर मागितले तर ती फसवणूक आहे, मागणारा नात्यातला असला तरी. तक्रार सेबीच्या ‘स्कोअर्स’वर होते.

वारस आणि कागद

नॉमिनी पहिल्याच दिवशी नोंदवा. फोलिओ क्रमांक (फंडातल्या तुमच्या खात्याचा), डिमॅट क्रमांक आणि कुठल्या बँकेशी जोडलंय, एवढं एका कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवा आणि घरात कुणाला तरी दाखवा.

आजोबांच्या ट्रंकेत विप्रोचे किंवा दुसऱ्या कुठल्या कंपनीचे जुने कागदी शेअर सापडले तर ते फाडू नका आणि कुणाला ‘करून द्या’ म्हणून मूळ प्रत देऊ नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डिमॅट करावे लागतात. लाभांश सलग सात वर्षं घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये गेलेले असू शकतात. ते बुडत नाहीत. कंपनीच्या शेअरची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाकडे फोलिओ क्रमांक विचारा, मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद जमवा, आणि आयईपीएफ-५ हा अर्ज स्वतः भरा. त्यासाठी निम्मे शेअर मागणारे दलाल भेटतील.